पळस हजर

मी घर सोडलं ते बाबांच्या काळीपिवळी जीपमधून, आणि सोबत आणखी अकरा माणसं होती. बाबा जाफराबाद ते जालना फेऱ्या मारायचे. लेक परदेशी चालली म्हणून एक फेरी नुसती घरच्यांसाठी न्यावी, असं त्यांच्या मनातही आलं नाही. रोजचे लोक रस्त्याला उभे असतात, त्यांनी काय करायचं, हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे माझी मोठी बॅग टपावर ज्वारीच्या पोत्याशेजारी बांधली गेली आणि आई मधल्या सीटवर दोन अनोळखी बायांच्या मध्ये चेपून बसली. मागे मांडीवर कोंबडी घेतलेली एक आजी होती. तिनं विचारलं, पोरगी कुठं चालली. बाबा म्हणाले, जर्मनीला. आजीनं विचारलं, ते मेहकरच्या अलीकडं का पुढं. बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पुढं. बरंच पुढं." निम्म्या वाटेत सगळ्या जीपला कळलं होतं की ही पोरगी नर्स झाली आणि इमानात बसणार. उतरताना जो तो काहीतरी सांगून गेला, एका म्हाताऱ्यानं हातात दोन पेरू ठेवले.

जालन्याच्या स्टेशनवर गाडीला अजून वेळ होता. आईनं पिशवीतून शाळकरी पाटी आणि खडू काढला, पाटीवर तारीख लिहिली, खाली माझं नाव आणि त्याखाली 'रवाना'. ती पाटी माझ्या हातात दिली आणि चार पावलं मागं सरकून मोबाइल दोन्ही हातांनी छातीशी धरला. माझे डोळे वाहत होते. ती म्हणाली, "रडू नको, फोटो हालतो."

पाटीचं हे खूळ कुठून आलं ते सांगायला हवं. आई गावातली अंगणवाडी सेविका. मुलांना खाऊ दिल्याचे फोटो वर पाठवायचे दिवस आले तेव्हा तिनं पहिल्यांदा कॅमेरा हातात धरला. एकदा कुणा साहेबांनी शंका काढली की हा फोटो आजचाच कशावरून. आईला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या प्रत्येक फोटोत खाली पाटी उभी: तारीख, पटावर किती, हजर किती. "फोटो न्हाई तर लेकरू जेवलंच न्हाई असं धरत्यात," असं ती म्हणायची, आणि मग घरातल्या वासराचा असो की विहारात नवीन बसवलेल्या पंख्याचा, तिचा एकही फोटो पाटीशिवाय निघाला नाही. आम्ही तिला हसायचो. तिला त्याचं काही वाटायचं नाही.

मी इथे आले तेव्हा ऐन थंडी होती. उत्तरेकडचं मध्यम आकाराचं शहर, मोठं हॉस्पिटल. मेंदूचा झटका आलेल्या माणसांच्या वॉर्डात माझी नेमणूक झाली. वॉर्डाला इथे श्टात्सिओन म्हणतात, सकाळच्या पाळीला फ्र्यूडीन्स्ट, आणि सरकारी कचेरीत भेटीची वेळ मिळते तिला टर्मिन. हे तीन शब्द आले की अर्धं आयुष्य निभतं. उरलेलं अर्धं खिडकीतून बघण्यात जातं. खिडकीबाहेर एका रांगेत झाडं होती आणि सगळी काळी, एकाही फांदीवर पान नाही. फेब्रुवारी संपत आला तरी तसंच. मला खरंच वाटायला लागलं की ही झाडं मेलेली आहेत आणि कुणाला तोडायला सवड झालेली नाही. हे मी फोनवर आईला सांगितलं आणि सांगता सांगता रडले, कारण एकूणच रडायला काहीतरी हवं होतं.

आई म्हणाली, "मेली न्हाईत, झोपली असतील. हितं पळस फुलून राह्यला. थांब, फोटो धाडते."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. मधोमध पळसाचं खोड, खोडाला टेकवलेली पाटी, पाटीवर तारीख आणि खाली: 'पळस. नदीची वाट. हजर.' मोबाइल छातीशी धरायची सवय, म्हणून शेंडा कापला गेलेला. पळस फुललाय हे कळायचं ते खाली मातीत पडलेल्या केशरी फुलांवरून. फ्र्यूडीन्स्ट संपवून मी बसमध्ये बसले होते. तो फोटो बघून इतक्या मोठ्यानं हसले की शेजारची बाई उठून पुढच्या सीटवर गेली.

मग वसंताची हजेरीच सुरू झाली. अंगणवाडी सुटली की आई पाटी घेऊन निघायची. 'कडुनिंब. विहिरीजवळ. पानगळ चालू.' चार दिवसांनी तोच कडुनिंब, 'नवी पालवी आली.' आंब्याचा फोटो आला, त्यावर 'मोहर आला. वजन कमी.' काटेसावरीखाली लाल फुलांचा सडा आणि पाटीवर 'पडझड जास्त.' विहारासमोरच्या पिंपळाला तांबूस, ओलसर दिसणारी नवी पानं आली, त्यावर तिनं लिहिलं, 'बाळं बरी आहेत.' एकदा नुसती रिकामी फांदी आली. खाली लिहिलेलं, 'कोकिळा. गैरहजर. आवाज आला.'

मीही तिला इथले फोटो पाठवायला लागले. इथे वसंत जमिनीतून येतो. झाडं अजून काळीच असतात आणि गवतात बोटभर उंचीची जांभळी फुलं उगवतात. आईला ती फारशी पटली नाहीत. "एवढंच? बाजूला चमचा तरी ठिव, उंची कळंल," म्हणाली. मी शेजारी बसचं कार्ड ठेवून फोटो काढायला लागले. रस्त्यावरचे लोक बघायचे. बघू देत.

तुम्ही जे तिकडेच राहिलात त्यांना हे सगळं जरा लाडाचं वाटेल. मलाही वाटलं असतं. गावी होते तोवर पळस म्हणजे पत्रावळीची पानं आणि शिमग्याचा रंग, यापलीकडे मी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. कडुनिंब फुलतो आणि त्याला गोडसर वास येतो, हे मला बाविसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं, आणि तो दारात होता. तेव्हा माझं लक्ष सगळं बाहेर पडण्याकडे. आणि माझ्यासारखे जे निघून आलात, त्यांना समजावून सांगायची गरज नाही. आपण सगळेच कुणाला तरी सांगत असतो की तिथला एक फोटो पाठव.

असे दोन फागुन गेले. तिसरा आला, म्हणजे यंदाचा.

यंदाही फोटो आले. पळस वेळेवर आला, पण पाटी नव्हती. फोटो खालून कापलेला होता. मला वाटलं, आई आता शिकली. मी तिला लिहिलं, फोटोग्राफर झालीस की. दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आलं नाही. मग कडुनिंब, मग आंबा, सगळे तसेच नीट कापलेले. फोन केला की बाबा उचलायचे. आई डोस पाजायला गेल्ती, आई शेजारी बसायला गेल्ती, आता डोळा लागलाय तिचा. मला एप्रिलमध्ये परीक्षा होती. ती पास झाल्याशिवाय इथे पूर्ण नर्स म्हणून धरत नाहीत. पाळ्या आणि पुस्तकं यांत दिवस कुठे जायचा कळत नव्हतं. बाबांचं म्हणणं मला पटत गेलं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

मग एक दिवस पिंपळ आला. वॉर्डाच्या छोट्या स्वयंपाकघरात मी उभ्या उभ्या कॉफी पीत होते. विहारासमोरचा पिंपळ, तांबूस पानं, आणि खाली पाटी होती. कापायची राहिली होती. पाटीवर तारीख, आणि साल मागचं.

आधी वाटलं, चुकून लिहिलं असेल. नवं वर्ष लागलं तरी आपण जुनं साल लिहीत राहतोच. पण आई नाही लिहायची. मी मागच्या वर्षीचे फोटो उघडले. तोच पिंपळ, तीच पानं, बुंध्याशी तेच तपकिरी कुत्रं एक पाय ताणून झोपलेलं. मी तिथूनच फोन लावला.

बाबांनी उचलला. मी विचारलं, आई कुठं आहे.

"हाय ना. बसली हाय."

"तिच्याकडं द्या."

बाबांच्या मागे टीव्हीचा आवाज येत होता, तो त्यांनी बंद केला असावा. मग म्हणाले, "तिला बोलता येईना, बाई. लकवा मारलाय. उजवी बाजू गेली."

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "कधी?" वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला आम्ही हाच प्रश्न आधी विचारतो. उत्तर तासांत यावं लागतं, मिनिटांत आलं तर आणखी चांगलं. बाबा म्हणाले, "बावीस दिवस झाले."

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं कळलं. सकाळी चहा पिताना तिच्या ओठातून चहा खाली ओघळायला लागला. कप सुटला. बाबांनी तिला उचलून जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा ते रिकामी जीप घेऊन निघाले, वाटेत हात करणाऱ्या एकाही माणसासाठी थांबले नाहीत. पण ते जालन्याला गेले नाहीत. लकव्याचं औषध डोंगराकडच्या एका गावात मिळतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिथे तेल चोळतात, कबुतराचं रक्त लावतात, पथ्य सांगतात. बाबांनी स्वतः कितीतरी रुग्ण त्यांच्या जीपमधून तिथे नेऊन सोडले होते, त्यातले काही चालत परतलेलेही त्यांनी पाहिले होते. ते चाळीस मिनिटांत पोचले. जालना दीड तासावर. म्हणजे त्यांच्या हिशेबानं त्यांनी वेळ वाचवला होता. तिथे दोन दिवस काढले, आणि तिसऱ्या दिवशी तिला गिळता येईना तेव्हा जालन्याला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

मी ओरडले. त्या स्वयंपाकघरात मराठीत ओरडले, दोघी जणी धावत आल्या. मला एक फोन का केला नाही, म्हणून. बाबा शांतपणे म्हणाले, "तुला सांगून काय झालं असतं? तू तिकडं रडत बसली असती."

मी काय केलं असतं ते मला नेमकं माहीत आहे. मी म्हटलं असतं, जालन्याला न्या, आत्ताच्या आत्ता. दुसरं काही करायची गरजच नव्हती. चार वर्षांचं नर्सिंग, दोन वर्षांची जर्मन भाषा, रोज आठ तास याच दुखण्याची माणसं उलटीपालटी करणं, हे सगळं त्या चार शब्दांत मावलं असतं. आणि ते चार शब्द बोलायला घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि ज्या पोरीला ते बोलता आले असते तिला काळजी वाटेल म्हणून कळवलं नव्हतं. लांबच्या माणसाला दुखणं कळवायचं नाही, हे आमच्याकडे प्रेमाचं लक्षण मानतात. मीही इथलं कितीतरी लपवलंय त्यांच्यापासून. रागावू कुणावर.

थोड्या वेळानं मी विचारलं, मग हे फोटो?

"फागुन लागला अन् तू रोज विचारायली, पळस फुलला का, पळस फुलला का. मंग मी काय धाडू? मला कुठं तिच्यावाणी पाटी लिहता येती." जीपमधल्या एका कॉलेजच्या पोरीकडून ते फोटो कापायला शिकले होते. रोज आईच्या बाजेजवळ बसून तिच्याच मोबाइलातले मागचे फोटो शोधायचे, खालून कापायचे आणि मला पाठवायचे. आईला दाखवून पाठवायचे का, ते मी विचारलं नाही. यंदाचा पळस फुलला असेलच, नदीच्या वाटेवर फुलं पडली असतील, पण तो कुणी पाहिला असं मला वाटत नाही.

मग लगेच का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. माझं राहण्याचं कार्ड नूतनीकरणाला गेलेलं होतं आणि टर्मिन जूनमधला. कचेरीतल्या खिडकीवर मी सलग तीन दिवस उभी राहिले. तिथली बाई फार सभ्य होती. म्हणाली, जायला कुणाची ना नाही, परत येऊ देतील याची खात्री मी देऊ शकत नाही. परीक्षा तोंडावर होती, ती बुडाली तर पुन्हा सहा महिने. तरीही मी तिकिटं बघत होते. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "येऊ नको, बाई. तू इतक्या लांबून आली म्हणल्यावर तिला वाटंल, आपलं आता काही खरं न्हाई."

खरंच आहे ते. गावात परदेशातली पोरं अचानक दारात उभी राहतात ती एकाच कारणासाठी. 'जाता आलं नाही' आणि 'गेले नाही' यातलं माझं कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दिवसातून दोन-तीनदा मी ते ठरवते आणि मोडते.

परीक्षा झाली. आता पाळी संपवून मी खोलीवर येते तेव्हा तिकडे दिवेलागण झालेली असते. तेव्हा आम्ही व्हिडिओवर बसतो. बाबा मोबाइल डब्याला टेकवून ठेवतात. आईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. ती 'हा' एवढंच म्हणते, पण समोर मोबाइल आला की आधी सरळ बसायला बघते आणि डाव्या हातानं पदर नीट करते. मी बाबांना सांगते, मनगट खालून धरा, बोटांना ओढू नका, तिला म्हणा, 'उचल', आणि थांबा. बाबांना थांबणं जमत नाही. आयुष्यभर गियर टाकलेला हात, तो लगेच बोट उचलून देतो. मी म्हणते, तिचं तिला करू द्या. ते म्हणतात, व्हय, व्हय. आईच्या डोळ्यांत मात्र सगळं कळतं. ती माझ्याकडे बघते आणि बोटाकडे बघते, आणि बोट जागचं हलत नाही.

इकडे माझ्या वॉर्डात एक आजी आहेत. त्यांना वेळेत आणलं होतं. नवव्या दिवशी त्यांनी पहिलं बोट हलवलं. त्यांच्या मुलीनं ते मोबाइलवर टिपलं, डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग कपडे धुवायला टाकायच्या खोलीत जाऊन उभी राहिले. त्या आजींचा मला राग आला होता. असा राग येऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात बसस्टॉपवर उभी असताना बाबांचा मेसेज आला. या रस्त्यावरची मी मेलेली समजले होते ती झाडं आता पांढऱ्या-गुलाबी फुलांनी लवलेली आहेत, लोक खाली उभे राहून फोटो काढतात. मी काढलेला नाही. मेसेजमध्ये लिहिलं होतं, 'आईनं आज बोट उचललं. आपल्या मनानं.' खाली फोटो होता. आईचा उजवा हात मांडीवर, निळ्या साडीवर, आणि पहिलं बोट वर उचललेलं.

मी स्टॉपच्या बाकावर बसले आणि फोटो मोठा केला. आमच्या कामात बोट कुठून उचललं जातंय ते बघावं लागतं, सांध्यातून की वरून. बोटाच्या खाली पदराची घडी होती. घडीच्या कडेला जाडसर, तपकिरी असं काहीतरी होतं. आणखी मोठं केलं. नख होतं, त्याच्या कडेनं ग्रीसची काळी रेघ, कितीही घासली तरी न जाणारी. बाबांचा अंगठा होता तो. बोट त्या अंगठ्यावर टेकलेलं होतं. आणि पदराची ती घडी आपोआप पडलेली नव्हती. फोटोच्या एका कोपऱ्यात आईचा डावा हात दिसत होता. तिनंच पदर ओढून अंगठा झाकून धरला होता.

घर कुठं, असं इथे कुणी विचारलं की मी मोबाइलवर नकाशा उघडून जालना जिल्हा दाखवते. ते आता तितकंसं खरं नाही. माझं घर आता तेवढंच आहे, जेवढं ती दोघं मिळून मला दाखवायचं ठरवतात. त्याच्या बाहेर काय आहे ते मला दिसतं, आणि तिथे माझा हात पोचत नाही.

बस आली आणि गेली. मी बाबांना लिहिलं, आईला सांगा, छान उचललं. आता दुसरं बोट.